गळक्या नळ्या

माझ्या थोरल्या जाऊबाईंबद्दल लोक काहीबाही बोलतात, म्हणून म्हटलं आपणच एकदा सांगून टाकावं. मी त्यांची बाजू घेईन असं मात्र समजू नका. सव्वीस वर्षं आम्ही दोघी एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे स्वयंपाक करतोय, आणि त्यातली दहा तरी आम्ही भांडण्यात घालवली असतील.

जाऊबाई नळाची कामं करतात. थोरले दीर गेले तेव्हा घरात त्यांची हत्यारांची पेटी होती आणि अर्धवट राहिलेली तीन कामं होती. लोक भेटायला आले, तर या बाईने त्यातल्याच एका गृहस्थाला विचारलं, "तुमच्या न्हाणीघराचा नळ राहिलाय ना? उद्या येते." ते गृहस्थ चहा तसाच ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी जाऊबाई पेटी उचलून खरंच गेल्या आणि नळ बसवून आल्या. दिरांच्या हाताखाली हे सगळं त्या कधी शिकल्या, कुणालाच कळलं नव्हतं. सासूबाई कपाळावर हात मारून बसल्या. महिनाभराने त्यांच्याच मोरीचं पाणी तुंबलं, तेव्हा गपचूप हाक मारली.

खिशात कायम पाना, म्हणून लोक त्यांना पाठीमागे 'पाना' म्हणतात. त्यांना माहीत आहे. "पानाच म्हणतात ना, ढिला स्क्रू तर म्हणत नाहीत," एवढंच त्यांचं उत्तर. आणि एक सांगते, त्यांनी जोडलेला नळ गळत नाही. म्हणजे नाहीच. काम झालं की जोडाखाली कोरडा कागद ठेवतात आणि समोर तासभर बसून राहतात. घरमालकीण वैतागते, चहा देते, परत वैतागते. कागदावर एक थेंब दिसला तर सगळं उघडून पुन्हा पहिल्यापासून.

माझं घराच्या पुढच्या खोलीत दुकान आहे. मासे पकडायच्या काठ्या, गळ, शिशाची वजनं आणि तंगूस. तंगूस म्हणजे गळाला बांधायचा नायलॉनचा दोरा, पाण्यात दिसत नाही असा. दुकानापासून दोन मिनिटांवर तलाव, तलावाला लांबलचक दगडी भिंत, आणि भिंतीवर सकाळ-संध्याकाळ गळ टाकून बसलेली माणसं. त्यांना सगळे गळवाले म्हणतात. आमच्या घरात एक गळवाल्यांवर जगते आणि दुसरी गळतीवर, असं आमचे हे म्हणतात आणि स्वतःच हसतात.

तर हे गळवाले काय करतात, दोरा गुंतला की कापतात आणि तिथेच टाकतात. गुंता सोडवायला वेळ कुणाला आहे? नवा दोरा माझ्याकडे मिळतोच. मीही कधी विचार केला नव्हता, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी तलावाच्या पंपघरातलं पाणी अडलं म्हणून जाऊबाईंना बोलावलं. पाणी आत येतं तिथल्या जाळीला कचरा अडकला होता आणि त्या कचऱ्यात एक बगळा. जिवंत. पायाला तंगुसाचे इतके वेढे की कातडं कापून दोरा हाडाला लागलेला. जाऊबाईंनी त्याची मान काखेत धरली, चोच चुकवली आणि करवतीच्या पात्याने एकेक वेढा कापला. बगळा उडाला, पण पाय लोंबत होता. तिसऱ्या दिवशी तो भिंतीखाली मरून पडलेला त्यांनाच दिसला.

तशाच त्या माझ्या दुकानात आल्या. गिऱ्हाईक समोर उभं. कापलेल्या दोऱ्याचा गुंता त्यांनी गल्ल्यावर आपटला.

"हे तुझं."

"माझं कसं? मी दोरा विकते, ताई. फास नाही विकत."

"फास दोऱ्याचाच असतो, धाकटे."

आता माझ्याही नाकावर राग असतो. गिऱ्हाइकासमोर असं कुणी बोललेलं मी ऐकून घेणार? मी म्हटलं, "तुम्ही जोडलेल्या नळाच्या पाण्यात उद्या कुणी बुडून मेलं, तर तुम्ही जबाबदार का?"

त्या गुंता तिथेच टाकून गेल्या. मग आठ दिवस अबोला. मध्ये आमचे हे पोस्टमन. "तिला सांगा, भिंतीवर वरवंटा आपटू नको." "त्यांना सांगा, भिंत माझ्याही बापाची नाही आणि त्यांच्याही." यांची जेवणावरची वासनाच उडाली.

नवव्या दिवशी जाऊबाई तलावाच्या ऑफिसात गेल्या आणि साहेबांकडून शिक्क्याचा कागद घेऊन आल्या. भिंतीवर सहा महिने बारा नळ्या लावून बघायच्या, मग सभेत ठरवायचं ठेवायच्या की काढायच्या. नळ्या म्हणजे साधे प्लास्टिकचे पाइप, हातभर लांब, मनगट सहज आत जाईल एवढे रुंद. खाली आट्यांची टोपी, वर एल्बो, म्हणजे कोपरासारखं वळण. तुटका तंगूस एल्बोच्या तोंडातून आत टाकायचा, रविवारी टोपी फिरवून काढून घ्यायचा. एल्बोचं तोंड त्यांनी वरच्या बाजूला तिरकं ठेवलं, कारण तंगूस भारी उसळ्या मारतो, तोंड खाली केलं की बाहेर येतो. जोडांना चिकटवायचं सोल्युशन, आट्यांना पाणी अडवणारी टेफ्लॉन टेप, सगळं यथासांग.

गळवाल्यांच्या मंडळाचे एक सेक्रेटरी आहेत. कुठल्याशा गोदामात हिशेबनीस होते, आता निवृत्त. घडीची खुर्ची आणि पांढरी टोपी घेऊन भिंतीच्या मधोमध बसतात, जणू तलाव त्यांनीच खणला. त्यांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, "पानाबाईंच्या मुताऱ्या." सगळी भिंत हसली. मग नळ्यांमध्ये सिगारेटची थोटकं पडायला लागली. जाऊबाईंनी ती आठवडाभर जमा केली, कागदी पिशवीत घातली आणि सेक्रेटरींच्या मांडीवर नेऊन ठेवली. "तुमचं विसरलं होतं," म्हणाल्या. परत थोटकं पडली नाहीत.

आणि लोक टाकायला लागले की हो! आधी एकदोघं, मग बरेच. पहिल्या महिन्यात निघालेल्या तंगुसाने एक उशी भरली असती. आधी महिन्याला दोन-तीन पक्षी तरी खांबाला नाहीतर झुडपाला लटकलेले दिसायचे. पाणकावळे, बगळे, एकदा तर घुबड. नळ्या लावल्यावर पाच महिन्यांत एक दिसला, तोही सोडवता आला. जाऊबाई बोलून दाखवत नसत, पण रविवारी नळ्या रिकाम्या करून परतताना गुणगुणायच्या. बेसूर. मी भिंतीपलीकडून ऐकायची. अबोला कधी संपला, दोघींनाही आठवत नाही.

सभा पाच दिवसांवर आली आणि जाऊबाईंचा गुडघा सुजला. "धाकटे, या रविवारी तू रिकाम्या कर," म्हणाल्या. मी कुरकुर केली आणि गेले. चार दिवस पाऊस झोडपून थांबला होता. पहिलीची टोपी फिरवली तर भसकन पाणी माझ्या पायांवर. दुसरीचंही तेच. मला वाटलं, पावसाचं असेल, त्यात काय. सातव्या नळीतून पाणी आलं, पाण्याबरोबर तंगूस आला आणि तंगुसाबरोबर एक धोबी आला. धोबी म्हणजे शेपटी वरखाली करत भिंतीवर तुरुतुरु धावणारा तो काळापांढरा पक्षी. मुठीत मावेल एवढा. पाणी प्यायला वाकला असेल, नाहीतर किडा दिसला असेल. आत गेला आणि गुळगुळीत नळीतून वर येता आलं नाही. बुडून मेला.

मी गल्ल्यामागून काय बोलले होते, ते शब्दन्शब्द आठवलं. असं वाटलं, आपली जीभ कुणीतरी कापून न्यावी.

आजूबाजूला पाहिलं, कुणी नव्हतं. धोबी रुमालात गुंडाळला. वाटेत ठरवूनही टाकलं की झाकली मूठ सव्वा लाखाची. ताईंना सांगायचं नाही, कुणालाच नाही. सभा होऊन जाऊ दे, मग काहीतरी निमित्त काढून भोकं पाडायला सांगू. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. घरात शिरल्यावर ताईंनी नुसतं विचारलं, "किती निघाला?" आणि मी रुमाल उघडून रडायलाच लागले.

त्यांनी धोब्याला हातात घेतलं. पाठीवरून अंगठा फिरवला. मग विचारलं ते भलतंच.

"नळीत पाणी साचलं होतं?"

"काठोकाठ."

"चार दिवसांत थेंबभरही गळलं नाही?"

"नाही, ताई."

त्या भिंतीला टेकून बसल्या. "कचऱ्याच्या डब्याला कुणी सोल्युशन लावतं का गं? कुणी अडाण्याने बसवल्या असत्या तर गळल्या असत्या. हा जगला असता." आणि मग एकदम स्वतःच्याच कपाळावर तळहात मारला, दोनदा. "माझा हात चांगला, म्हणून मेला हा."

मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. दीर गेले तेव्हाही नाही. त्या दिवशी पाहिलं.

डोळे पुसून म्हणाल्या, "सभेत सांगते."

"अहो काय, वेड लागलंय? हात दाखवून अवलक्षण कशाला? सेक्रेटरी टपूनच बसलाय. सांगितलंत की नळ्या गेल्या, आणि नळ्या गेल्या की परत बगळे लटकणार. एका धोब्यापायी?"

"लपवला तर मी आणि ते गळवाले सारखेच."

"ताई, कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," म्हणाल्या, आणि धोबी रुमालासकट बर्फाच्या पेटीत ठेवला. माझ्या पेटीत. यांनी संध्याकाळी पाणी काढायला झाकण उघडलं आणि जी बोंब मारली!

सभा तलावाच्या ऑफिसात होती. लांब टेबल, पंख्याला घरघर, साहेब मध्ये, सेक्रेटरी उजवीकडे, गळवाले पंचवीस-तीस. मी मागे उभी. जाऊबाईंचा विषय शेवटी आला. सेक्रेटरींनी मोठं भाषण ठोकलं. भिंतीची शोभा जाते, लहान मुलं हात घालतात, ही बाई कोण लागून गेली आम्हाला शिस्त लावणारी, असं बरंच काही. साहेब जांभई देत होते. खरं सांगते, नळ्या राहणार होत्या. साहेबांनी पेन उघडलंही होतं.

जाऊबाई लंगडत पुढे गेल्या आणि साहेबांच्या कागदाशेजारी रुमाल उघडून ठेवला.

"हा माझ्या सातव्या नळीत बुडून मेला. चूक माझी आहे. नळी गळायला हवी होती, मी गळू दिली नाही."

क्षणभर कुणाला काही समजलंच नाही. मग सेक्रेटरी खुर्चीवरून उडाले. "बघा! बघा! पक्षी वाचवायला निघाल्या होत्या! ही तर पक्षी मारायची नळी! साहेब, आजच्या आज काढा!" टाळ्या पडल्या. साहेबांची जांभई पळाली. त्यांनी पेन बंद केलं, परत उघडलं आणि म्हणाले, "बाई, आता माझा नाइलाज आहे. परवानगी रद्द. उद्या बारापर्यंत नळ्या काढून घ्या."

"नाही काढणार."

"म्हणजे?"

"भोकं पाडीन. तोंडाला रबराचा पडदा लावीन, हात जाईल पण चोच जाणार नाही. काढणार मात्र नाही."

"बाई, परवानगी रद्द झाली आहे."

"ऐकलं मी. गुडघा सुजलाय, कान नाही."

मग त्या गळवाल्यांकडे वळल्या. आवाज मोठा नव्हता, पण पंख्याच्या घरघरीवरूनही शेवटच्या ओळीला ऐकू जात होता.

"मी मारलेला एक मी आणलाय. टेबलावर ठेवलाय, सगळ्यांनी बघा. आता तुम्ही तुमचे आणा. इतकी वर्षं भिंतीवर बसताय. पाणकावळे आणा, बगळे आणा, ते घुबड आणा. एकेकाने आणून इथे ठेवा. टेबल पुरलं नाही तर मी माझ्या घरचं आणते."

सेक्रेटरी म्हणाले, "आम्ही काय जाणूनबुजून मारतो का?"

"मी तरी जाणूनबुजून मारला का?"

सगळे खाली बघत होते आणि त्यातले निम्मे माझी गिऱ्हाइकं. उद्या यांनी दुसरीकडून दोरा घेतला तर माझं दुकान बसलं. पण त्या एकट्या उभ्या होत्या हो, सुजलेल्या गुडघ्यावर. माझं डोकं विचार करायच्या आत माझं तोंड उघडलं, नेहमीसारखं.

"माझाही आहे एक!" मी ओरडले. "पंपघरातला बगळा. दोरा मी विकलेला. ताईंनी तो गुंता माझ्यासमोर टाकला तेव्हा मी त्यांनाच बोलले. आता ऐका. उद्यापासून माझ्या दुकानात जुना तंगूस आणल्याशिवाय नवा मिळणार नाही. कापलेला, गुंतलेला, कसाही आणा. नसेल तर दुसरं दुकान बघा!"

"दुसरं दुकान तीन कोसांवर आहे," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"मग चाला!"

एक जण हसला. सेक्रेटरी पुटपुटले, "दोघीही सारख्याच." सव्वीस वर्षांत मला कुणी एवढं चांगलं बोललं नव्हतं. साहेबांनी मात्र आपला निकाल बदलला नाही. उद्या बारापर्यंत, म्हणाले, आणि सभा संपली.

दुसऱ्या दिवशी सहाला आम्ही भिंतीवर. मी सायकलच्या जुन्या ट्यूब कापून पडदे केले होते, मध्ये फुलीसारखी चीर दिलेले. जाऊबाई ड्रिल घेऊन एकेका नळीच्या बुडाशी भोकं पाडत होत्या. पहिल्या नळीवर त्यांचा हात थांबला. मी पाहिलं, ड्रिल टेकवलं होतं पण बटण दाबवत नव्हतं. उभ्या आयुष्यात ज्या बाईने कागदावर एक थेंब पडू दिला नाही, तिला स्वतःच्याच कामाला भोक पाडायचं होतं.

"मी पाडू का?" मी विचारलं.

"गप्प बस," म्हणाल्या आणि दाबलं.

बाराला शिपाई आला, हातात ऑफिसचा कागद आणि एक भला मोठा पाना. चांगला माणूस आहे, माझ्याकडूनच काठ्या घेतो. "ताई, मला वरून सांगितलंय," म्हणाला. जाऊबाई म्हणाल्या, "काढ ना. मी अडवत नाही." आणि भिंतीवर बसून राहिल्या. त्याने पहिल्या नळीला भिंतीशी आवळणाऱ्या पट्ट्याला पाना लावला. जोर लावला, लोंबकळला, पाय भिंतीला टेकवून ओढलं. पट्टा हलेना. दुसरीला लावला, तिसरीला लावला. घामाने निथळला बिचारा. शेवटी म्हणाला, "काय बसवलंय हो हे!"

"पाणी पी," जाऊबाई म्हणाल्या.

तासाभराने साहेब स्वतः आले, मागोमाग सेक्रेटरी. तेवढ्यात पाऊस सुरू झाला. साहेबांनी छत्री उघडली. जाऊबाई भिजत उठल्या आणि पहिल्या नळीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. नळीच्या बुडातून पाण्याची बारीक धार लागली होती.

सेक्रेटरींना तेवढंच पुरलं. "घ्या! आजवर ऐकत होतो, पानाबाईंचं काम कधी गळत नाही! गळकं काम, गळक्या नळ्या, गळकी बाई!"

मी म्हटलं आता या माणसाला तलावात ढकलायचं. पण जाऊबाई साहेबांकडे बघत होत्या.

"साहेब, कागद आहे ना हातात? लिहा त्यावर. या नळ्या मी बसवल्या आणि या गळतात. खाली माझी सही घ्या. आजपर्यंत कुठल्या कामावर असं लिहून दिलं नाही, यावर देते. पण काढायच्या असतील तर तुम्ही स्वतः काढा, माझ्यासमोर. आणि मग जो पुढचा बगळा लटकेल, तो सोडवायला मला बोलावू नका, तुम्ही या. मान काखेत धरायची असते. चोच डोळ्यावर येते, सांभाळा."

साहेब नळीकडे बघत राहिले. पाऊस वाढला. सेक्रेटरी "काढा, काढा" म्हणत होते, पण पाना उचलायला स्वतः काही वाकले नाहीत. साहेबांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि निघून गेले. शिपाई मागोमाग गेला आणि आपला पाना विसरला. तो अजून आमच्याकडेच आहे.

ऑफिसच्या कागदावर त्या बारा नळ्या त्याच दिवशी काढून टाकलेल्या आहेत. शिपायाने मला फाइल दाखवली, शिक्क्यासकट. खरं-खोटं बघायचं असेल तर भिंतीवर चला. माझी बरीच गिऱ्हाइकं तुटली, काही परत आली, काही अजून तीन कोस चालतात. सेक्रेटरी माझ्याकडे येत नाहीत, पण शेजाऱ्याच्या हातून नवा दोरा मागवतात आणि जुना गुंता पाठवतात.

जाऊबाईंचा गुडघा काही बरा झाला नाही. तरी पाऊस पडून गेला की काठी टेकत भिंतीवर जातात, बारा नळ्यांखाली बारा कोरडे कागद ठेवतात आणि बसून राहतात. येणारे-जाणारे बघतात, हसतात. काल मी शाल घेऊन मागोमाग गेले, म्हटलं घरी चला आता, ताप येईल. त्या शेवटच्या नळीपाशी होत्या. कागद उचलून त्यांनी माझ्यापुढे धरला. चिंब झाला होता.

"बघ," म्हणाल्या, "एकही कोरडा नाही."

आणि ही बाई, जिने मला कधी चांगलं म्हटलं नाही, माझ्या खांद्यावर हात टाकून घरापर्यंत चालत आली.